गझालींवरचा जुना ठपका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुस्लिम समाजातील सुधारणांविषयी नुकत्याच आलेल्या लेखात ओघात असे म्हटले आहे की, आरंभीच्या इस्लाममध्ये मुतझिला नावाचे बुद्धिवादी होते, पुढे धर्मशास्त्रज्ञ अल्-गझाली आले आणि विचाराची वाट बंद झाली. हमीद दलवाईंनी १९७० साली ज्या पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेथे हा विषय निघावा हे योग्यच; पण इतिहास इतका सरळ नाही.

कुराण अनादी नसून निर्मिलेले आहे, हे मुतझिलांचे मत राजसत्तेच्या हाती गेल्यावर काय घडले, याचा लेखात उल्लेख नाही. खलिफा अल्-मामूनने इ. स. ८३३ मध्ये काजी आणि विद्वान यांच्याकडून हे मत वदवून घेण्याचा हुकूम काढला. नकार देणाऱ्या अहमद इब्न हंबल यांना तुरुंगवास आणि पुढच्या खलिफाच्या राजवटीत फटके सोसावे लागले. मुतझिलांविषयी लोकांच्या मनात जी अढी बसली, तिच्यात या दरबारी जुलमाचा वाटा मोठा होता.

वादाचा गाभा होता तो असा की, चांगले-वाईट माणसाला स्वतःच्या बुद्धीने कळते, की ईश्वराने सांगितल्यावरच? बुद्धीने कळते आणि ईश्वरही न्यायाने बांधलेला आहे, असे मुतझिला म्हणत. त्यांच्यातच वाढलेले आणि पुढे त्यांना सोडून गेलेले अल्-अशअरी यांनी आपले गुरू अल्-जुब्बाई यांना तीन भावांविषयी प्रश्न विचारल्याची कथा परंपरेत सांगतात. एक भाऊ पुण्यवान होऊन वारला, एक पापी, तर एक बालपणीच गेला. बालकाने ईश्वराला विचारले, मला वाढू का दिले नाही? मोठा होऊन तू पाप केले असतेस, म्हणून तुझ्या हिताकरिता, असे उत्तर मिळाले. तेव्हा नरकातला भाऊ ओरडला, मग मला का नाही लहानपणीच उचलले? गुरू निरुत्तर झाले. कथा घडलेली असो वा रचलेली, मुतझिलांना त्यांच्याच तर्काने अडवणारा हा युक्तिवाद बुद्धीचा शत्रू करील, असे मला वाटत नाही.

गझालींचे (१०५८–११११) म्हणाल, तर त्यांनी एका ग्रंथात तत्त्वज्ञांच्या वीस मतांवर टीका केली आणि त्यांपैकी तीनच धर्मबाह्य ठरवली: जग अनादी असणे, ईश्वराला एकेका गोष्टीचे ज्ञान नसणे आणि देहासह पुनरुत्थान नाकारणे. त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात, ग्रहणाचे गणिताने सिद्ध झालेले कारण धर्माच्या नावाखाली नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो, असे ते बजावतात. तर्कशास्त्राला तर त्यांनी धर्मशास्त्राच्या अभ्यासात मानाचे स्थान दिले. कार्यकारणभावावरची त्यांची टीका मला स्वतःला पटत नाही, आणि तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनी तिला दिलेले उत्तर अधिक भक्कम वाटते. पण मतभेद वेगळा आणि ठपका वेगळा.

आपल्याकडच्या परंपरेचाही लेखकाला विसर पडला आहे. सुन्नींच्या धर्मकायद्याच्या संप्रदायांपैकी महाराष्ट्रातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, कोकणी मुसलमान शाफई. शाफईंचा परंपरेने अशअरी विचाराशी संबंध येतो, तर हनफींचा समरकंदचे धर्मचिंतक अल्-मातुरीदी यांच्याशी. आणि समरकंदच्या या परंपरेत, प्रेषिताचा संदेश न पोहोचलेल्या माणसानेही ईश्वराला बुद्धीने ओळखलेच पाहिजे, असे मानले गेले. नसफी यांच्या बाराव्या शतकातील हनफी श्रद्धातत्त्वांच्या संहितेत ज्ञानाची साधने तीन दिली आहेत: निर्दोष इंद्रिये, विश्वसनीय वार्ता आणि बुद्धी. न्यायदर्शनातील प्रत्यक्ष, शब्द आणि अनुमान यांची चर्चा वाचलेल्या पुणेकराला हे फारसे परके वाटू नये. या संहितेवरील तफ्ताझानी यांची चौदाव्या शतकातील टीका भारतातील मदरशांच्या दर्स-ए-निझामी अभ्यासक्रमात तर्कशास्त्राच्या ग्रंथांबरोबर शिकवली जात आली आहे. त्या अभ्यासक्रमावर टीका जरूर व्हावी, पण त्यात काय आहे हे वाचून व्हावी.

आपला,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे