मुरुमांवर स्टेरॉइडची ट्यूब नको

महोदय,

'चेहऱ्यावर मुरुमे आली आहेत, काहीतरी द्या' असे मेडिकलमध्ये सांगितले, की अनेकदा चिठ्ठी न पाहताच एक ट्यूब हातात पडते. तिच्या खोक्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे आणि मुरुमांवर लावण्याचे औषध नाही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचे तीन-औषधी मिश्रण तर गोरेपणाची क्रीम म्हणून सर्रास वापरले जाते. ते आहे वांगासाठी, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजक्याच आठवड्यांपुरते.

फसगत होते ती पहिल्या आठवड्यात. स्टेरॉइडने लाली आणि सूज झपाट्याने उतरते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. पुढे त्वचा पातळ होते, गालावर लाल शिरा दिसू लागतात, उन्हात गेले की चेहरा भाजल्यासारखा जळजळतो, बारीक लव वाढते आणि एकाच आकाराच्या पुटकुळ्यांचे पीक येते. क्रीम थांबवली की सारे उसळते, म्हणून ती पुन्हा लावली जाते. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने चेहऱ्यावर सर्रास लावल्या जाणाऱ्या अशा अनेक स्टेरॉइड क्रीमचा समावेश शेड्यूल एचमध्ये केला, म्हणजे चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. अन्न व औषध प्रशासनाने या नियमाची काउंटरवर जाऊन तपासणी करावी, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

मुरूम म्हणजे अस्वच्छता नव्हे. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राचे तोंड मृत पेशींनी बंद होते, आत तेल साचते, त्यात जंतू वाढतात आणि सूज येते. नाकावरचे काळे ठिपके म्हणजेही मळ नव्हे, त्यामुळे ते घासून जात नाहीत. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. मूळ अडथळा मुरूम दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी तयार झालेला असतो, म्हणून उपचाराचा निकाल 8 ते 12 आठवड्यांनीच पाहायचा.

डॉक्टर बहुधा रात्रीसाठी ॲडापॅलिन 0.1 टक्के जेल लिहून देतात. त्यात चूक होते ती लावण्यात. ते नुसते मुरुमावर टिपायचे नसते. वाटाण्याएवढे जेल साऱ्या चेहऱ्याला पुरते. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, साधारण 20 मिनिटांनी लावावे. डोळ्यांच्या व ओठांच्या कडा सोडाव्यात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावावे आणि कोरडेपणा आल्यास वरून मॉइश्चरायझर घ्यावे. तिसऱ्या आठवड्यात त्वचा सोलवटते, मुरुमे थोडी वाढल्यासारखी दिसतात आणि नेमके तेव्हाच अनेकजण औषध सोडतात. गरोदरपणात मात्र हे वापरू नये.

सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के. 5 किंवा 10 टक्क्यांचे जेल त्याहून फार जास्त काम करत नाही, जळजळ मात्र वाढवते. त्याने रंगीत टॉवेल आणि ओढणीचा रंग उडतो, म्हणून पांढरा टॉवेल वापरावा. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) जेल एकटेच महिनोन्‌महिने लावू नये, जंतू त्याला दाद देईनासे होतात. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हवे. आपल्या त्वचेवर मुरूम गेल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, म्हणून एसपीएफ 30 चे जेल सनस्क्रीन हवेच.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांनी त्वचा भाजते आणि डाग पडतात. रात्री डोक्याला भरपूर तेल चोपडून झोपणाऱ्यांच्या कपाळावर पुटकुळ्या येतात. तेल धुण्याआधी तास-दोन तास लावले तरी पुरे.

खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडू लागले तर घरी थांबू नये. पाळी अनियमित असून हनुवटीवर केस येत असतील, तर हार्मोन्सची तपासणी करून घ्यावी. अशा खोल मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या परिणामकारक आहेत, पण त्या घेताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये; बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. कुणाच्या उरलेल्या गोळ्या कुणी घेऊ नयेत.

जे आधीच स्टेरॉइड क्रीम लावत आहेत, त्यांनी ती मनानेच कधी बंद, कधी चालू करू नये. ट्यूब खोक्यासकट त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावी आणि किती महिने लावली ते न लपवता सांगावे. उसळी कशी आवरायची, हे त्यावरच ठरते.

– त्वचारोगतज्ज्ञांचा एक गट