तो लपलेला ग्रह नक्की कुठला?

संपादक साहेब, स.न.वि.वि.
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत निबिरू या लपलेल्या ग्रहाची अफवा आलीय, 2012 ला येऊन पृथ्वीवर आपटणार होता तोच, आणि आई तर देवापाशी दिवा लावून बसली. एवढा मोठा गोळा जवळ आला असता तर गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसला नसता का? पण 2016 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या बॅटिगिन आणि ब्राऊन या खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ गोळ्यांच्या कक्षा एकाच बाजूला कललेल्या बघून नवव्या ग्रहाचं गणित मांडलं ते वेगळं ना? (प्लूटोची ग्रहपदाची नोकरी घालवणारे हेच ब्राऊन!) तुमच्याकडे लिहिणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांना एवढंच विचारा, चिलीतल्या आकाश धुंडाळणाऱ्या रुबिन दुर्बिणीला हा नववा ग्रह दिसलाच नाही तर ते गणित बाद धरायचं का?
- एक वाचक, डोंबिवली