याकोबाने आधी जनावरं पाठवली

प्रिय आई आणि बाबा,

सलाम.

आई, परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलीस, की गेल्या नाताळापासून बाबा प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसतात आणि द्राक्षारसाचा प्याला न घेता पुढे सरकवतात. मग तू लगेच कैरीच्या लोणच्यावर आलीस. मी मात्र त्या बाकावरच अडकून राहिले. फोनवर हे काढलं तर बाबा ‘बरं, ठेव आता’ म्हणतील, म्हणून लिहिते आहे.

बाबा, प्याला का सरकवता ते मला कळतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय तुम्हीच आमच्याकडून पाठ करून घेतला होता. वेदीजवळ अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवायचं आणि आधी जाऊन भावाशी समेट करायचा. लोकलाजेखातर प्याला घेणारे आपल्या मंडळीत कमी नाहीत. तुम्ही तसं करत नाही, याचा मला अभिमानच आहे. पण बाबा, तुम्ही त्या वचनातलं निम्मंच पाळता. अर्पण ठेवता, भावाकडे जात नाही.

अण्णाकाकांशी बोलणं बंद होऊन दीड वर्ष झालं. विहीर सामाईक, पाण्याची पाळी, मोटारीचं बिल कोणी भरायचं, बांध कोणी कोरला. ह्यात तुमची बाजू खरी आहे असं मलाही वाटतं, सातबारा मी पाहिला आहे. विहिरींवरून भांडणं शास्त्रातही आहेत. इसहाकाने भांडणापायी दोन विहिरी सोडल्या, तिसरी खणली तेव्हा कोणी भांडायला आलं नाही, म्हणून तिचं नाव रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, ठेवलं. पण त्याच्यापुढे मोकळा मुलूख होता. आपल्याकडे सव्वा एकर आहे आणि शेजारी सख्खा भाऊ.

कोणी विषय काढला की तुम्ही म्हणता, ‘मी देवावर सोडलंय.’ ह्या वाक्याशी माझं जुनं वाकडं आहे. माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हाही तुम्ही दारात उभे राहून हेच म्हणालात, ‘देवावर सोड, बेबी.’ मला माहीत आहे, तुम्हाला दुसरं काही सुचलं नव्हतं. पण त्या दिवशी मला ते दार लावून घेतल्यासारखं वाटलं. आई काहीच बोलली नाही, माझ्या डोक्याला तेल लावत बसली. नंतर कित्येक महिने मला प्रार्थना जमली नाही. रात्री फक्त 88वं स्तोत्र वाचायचे. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलं आहे, कोणी खोडलं नाही, एवढ्यावर मी ते दिवस काढले. देवाशी भांडत होते, म्हणजे निदान बोलत तरी होते.

आई, तुझ्या लक्ष्मीबाई टिळकही मला तेव्हा आठवायच्या. नवऱ्याने 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण बाईंनी मान डोलावली नाही. रडल्या, चिडल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि 1900 साली स्वतःला पटलं तेव्हा बाप्तिस्मा घेतला. आपल्याच नगरातली ही गोष्ट. तू ती सांगायचीस तेव्हा त्यांचं रडणं, चिडणं कधी गाळलं नाहीस.

बाबा, आता याकोबाचं. लहानपणी शब्बाथ शाळेच्या पाटीवर तुम्ही मला बेरीज घातली होती: 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, 30 दुभत्या सांडणी, 40 गाई, 10 बैल, 20 गाढवी आणि 10 गाढवं. सांडणींची पिल्लं न धरता 550. एवढी जनावरं याकोबाने पूर्वी फसवलेल्या आपल्या भावाला, एसावाला, भेट म्हणून पुढे धाडली, कारण एसाव 400 माणसं घेऊन येतोय अशी खबर होती. याकोब घाबरला होता. त्याने प्रार्थना केली, ‘माझ्या भावाच्या हातून मला सोडव’ असं सरळ म्हणाला. पण प्रार्थना करून तंबूत बसला नाही. आणि देवानेही एसावाला वाटेतून परत पाठवलं नाही. त्या रात्री यब्बोक नदीपाशी देव याकोबाशी झोंबत राहिला, मांडीचा सांधा उखळला, आशीर्वाद दिला आणि सकाळी लंगडत त्याच भावाकडे जाऊ दिलं. सात वेळा भुईपर्यंत वाकून गेला तो. एसाव धावत आला आणि गळ्यात पडला.

पुढचं मात्र तुम्ही कधी शिकवलं नाहीत, मला मोठेपणी वाचताना सापडलं. समेट झाल्यावर याकोब म्हणाला, तुमच्यामागून सेईरास, तुमच्या मुलखात, येतो, आणि गेला सुक्कोथास! दोघं एका जागी राहिले नाहीत. तेव्हा अण्णाकाकांबरोबर रोज चहा प्या असं माझं म्हणणं नाही. पाळी वाराप्रमाणे लिहून घ्या, बिल निम्मं-निम्मं, पाळकसाहेबांना मध्ये बसवा. काका ऐकणार नाहीत असंही होईल. एसाव गळ्यात पडेल हे याकोबाला तरी आदल्या रात्री कुठे ठाऊक होतं?

आणि त्यांचा बाप इसहाक वारला तेव्हा त्याला याकोब आणि एसाव दोघांनी मिळून पुरलं, हेही उत्पत्तीच्या त्याच पुस्तकात आहे. बाबा, आजी आता 91 वर्षांची आहे.

मी शनिवारी दुपारच्या एसटीने येते. रविवारी प्रभुभोजन आहे. शनिवारी संध्याकाळी मी काकांकडे जाणार आहे, लोणच्याची एक बरणी घेऊन; आई, जरा मोठी भरून ठेव. बाबा, तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तर मी एकटी जाईन आणि तुमचा सलाम सांगेन, मात्र तेवढी परवानगी फोनवर द्या.

गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची,
बेबी