ओसाकाचा बेत जेवणापासून आखा

महोदय,

ओसाकाला निघालेल्या जोडप्यांसाठी आपल्या पुरवणीत आलेली माहिती उपयुक्त होती. मात्र ‘शाकाहारींचीही सोय होते’ या एका वाक्यावर विसंबून कोल्हापुरातून कुणी निघाले, तर पहिल्याच रात्री बिस्किटांवर भागवावे लागेल.

खरी अडचण दाशीची आहे. बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात. त्याचे पातळ काप गरम पाण्यात टाकून गाळले की झाली दाशी. उदोनचा (गव्हाच्या जाड शेवयांचा) रस्सा, आंबवलेल्या सोयाबीनचे मिसो सूप, शिजवलेला भोपळा, बहुतेक सगळ्यांत तीच. ‘मासे नकोत’ असे सांगूनही वाटीत तेच पाणी येते, कारण स्वयंपाक्याच्या लेखी त्यात मासा नसतोच. ओकोनोमियाकी दिसायला कोबीचे जाडजूड धिरडे. पण पिठात दाशी नि अंडे, अंगाला डुकराच्या मांसाचे काप आणि वर वाफेने वळवळणारे माशाचे पापुद्रे. पापुद्रे बाजूला केले तरी पीठ तेच आणि तवाही तोच. (खाणाऱ्यांसाठी एक सूचना: टेबलातल्या तव्यावर स्वतः भाजताना उलथन्याने दाबू नका, वाफ निघून जाते आणि आत गच्च गोळा राहतो.) शाकाहारींनी पाटीवर ‘व्हेजिटेबल’ नव्हे, ‘व्हीगन’ (मांस-मासे, दूध-अंडे काहीच नसलेले) शोधावे. नाहीतर नाम्बा-शिन्साइबाशी भागातली भारतीय हॉटेले आहेतच.

मटणावर वाढलेल्यांचेही सगळे सोपे नाही. मटण सहसा मिळत नाही. ओसाकात निकु उदोन (मांस घातलेला उदोन) मागवला की त्यात गोमांस येते, जपानी करीच्या तयार वड्यांतही बहुधा त्याचीच चरबी असते आणि तोन्कोत्सु रामेन या शेवयांचा रस्सा डुकराच्या हाडांचा. कोंबडी हवी तर कारागे (तळलेली कोंबडी) किंवा ओयाकोदोन (भातावर कोंबडी नि अंडे) मागवावे.

दुपारी अडीचला जेवायला बसायची आपली सवय तिथे अंगाशी येते. बरीच लहान हॉटेले दोन-अडीचला बंद होतात ती पाचलाच उघडतात. रात्रीही शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास आधी घेतात. इझाकायात (जपानी पिण्या-खाण्याच्या हॉटेलात) बसताक्षणी न मागवलेली छोटी वाटी समोर येते. ती ओतोशी, म्हणजे बसण्याचा आकार, साधारण माणशी ३०० ते ५०० येन. त्यावरून हुज्जत घालू नये. टिपही ठेवू नये.

किल्ला सकाळीच उरकावा. आजचा मनोरा १९३१ चा, काँक्रीटचा, आत लिफ्ट असलेला. पन्हाळा पाहिलेल्या डोळ्यांना तो फिका वाटेल, पण साकुरामोन दरवाजाच्या आतला ‘ताको-इशी’ हा सुमारे १०८ टनांचा एकसंध दगड चुकवू नका. उमेदा स्काय बिल्डिंगच्या १७३ मीटर उंच गच्चीवर सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचावे, म्हणजे उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात. दोतोन्बोरी या कालव्याकाठच्या खाऊबाजारात गर्दीने जीव नकोसा होतो. मागच्याच होझेन्जी गल्लीत दोघांना शांतपणे हिंडता येते. तिथल्या फुदो देवाच्या मूर्तीवर भाविक पळीने पाणी घालतात, त्यामुळे ती नखशिखान्त शेवाळली आहे.

जेआरचे (जपान रेल्वेचे) ‘ओसाका’ आणि मेट्रोचे ‘उमेदा’ ही स्थानके एकमेकांना लागून आहेत, शिन्कान्सेनचे (बुलेट ट्रेनचे) ‘शिन-ओसाका’ मात्र वेगळे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे. तोक्योहून आलेले इथे हमखास डावीकडे अडतात. परतताना विमानतळासाठी नाम्बाहून नानकाई या खासगी रेल्वेची गाडी पाऊण तासात पोचवते. जेआरची जलद गाडी धरली तर डबा बघूनच चढा: हिनेनो स्थानकात गाडीचे दोन तुकडे होतात, १ ते ४ क्रमांकाचे डबे विमानतळाला जातात आणि मागचे वाकायामाला.

– एक वाचक दाम्पत्य, राजारामपुरी, कोल्हापूर