हिरवळ उखडण्याआधी तिच्यातली वाळू तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की बंगल्यांच्या अंगणातली, सोसायटीच्या बागेतली कृत्रिम हिरवळ गुंडाळून फाटकाबाहेर ठेवलेली दिसू लागते. दिवाळीआधी अंगण नवे दिसावे म्हणून तीन-चार वर्षे वापरलेली हिरवळ बदलण्याची कोटेशने सध्या सोसायटीच्या बैठकांत फिरत आहेत. यातल्या बऱ्याच हिरवळींना काही झालेले नसते. बिघाड खालच्या जमिनीत असतो, नाहीतर हिरवळीत भरायची वाळू मुळात भरलेलीच नसते. त्याच जमिनीवर नवा रोल अंथरला, तर तोही दोन पावसाळ्यांत असाच दिसेल.

पाती झोपली, ही पहिली तक्रार. दोन अंगठ्यांनी पाती फाकवून पाहा. बुंध्याशी पाच-सहा मिलिमीटर वाळू दिसायला हवी. नुसती चटईची पाठ, म्हणजे पाती ज्यात विणलेली असतात तो खालचा थर दिसला, तर दोष तिथेच आहे. ३५ मिलिमीटर उंचीच्या हिरवळीला चौरस फुटामागे अर्धा ते पाऊण किलो सिलिका वाळू लागते. २०० चौरस फुटांच्या अंगणाला पन्नास किलोची दोन-तीन पोती. ही वाळू पात्यांना आधार देते, चटईला जमिनीशी दाबून धरते आणि पाठीला ऊन लागू देत नाही. ती टाळली की बसवणाऱ्याची मजुरी वाचते आणि पहिले सहा महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

वाळू धुतलेली, कोरडी, अर्धा ते एक मिलिमीटरच्या गोल दाण्याची घ्यावी. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, नको. तिच्यातली भुकटी पाठीची भोके बुजवते. नायलॉनच्या ताठ ब्रशने पात्यांच्या कलाच्या उलट ओढत पाती उभी करा, वाळूचा पातळ थर पसरा, पुन्हा ब्रश फिरवा. हे तीन-चार थरांत करायचे; एकदम ओतली तर पाती वाळूखाली गाडली जातात. खराट्याने पाला निघतो, पाती उभी होत नाहीत. तारेचा ब्रश तर लावूच नये. फुटबॉलच्या टर्फवरची काळी रबरी भुकटी घरच्या अंगणात सुचवणारेही भेटतात. तिची इथे गरज नाही. युरोपीय संघाने २०२३च्या नियमाने तिच्या विक्रीवर ऑक्टोबर २०३१पासून बंदी ठरवली आहे.

दुसरी तक्रार पाणी साचण्याची. एकाच जागी बादलीभर पाणी ओता. मिनिट-दोन मिनिटांत जिरले नाही, तर कोपरा उचलून खाली बघा. खाली कोरडे असेल तर पाठीची भोके बुजली आहेत. ती दाभणाने मोकळी करा. खालीही पाणी असेल तर भराव खचला आहे. तेवढा भाग उलटवून कच (खडीचा बारीक चुरा) भरा, पाणी मारा, धुम्मसाने ठोका आणि आठ फुटांना एक इंच उतार येतो का ते पट्टी धरून पाहा. लव्हाळा वर आला असेल तर याच वेळी त्याच्या गाठी खणून काढाव्यात. नुसता वरून उपटला तर पुन्हा फुटतो आणि त्याचे टोक चटईखाली तण अडवायला अंथरलेल्या कापडातूनही वर येते.

गच्चीवर खिळे ठोकू नयेत आणि चटई वॉटरप्रूफिंगवर थेट चिकटवू नये. खाली निचऱ्याची प्लॅस्टिकची जाळीदार चटई हवी, आणि पावसाच्या पाण्याच्या तोंडावर हिरवळ अंथरायचीच नाही. तोंड झाकले गेले की गळती खालच्या घरात आणि डास वरच्या.

दुपारी फुगवटे दिसतात म्हणून कापायची घाई करू नका. सकाळी पुन्हा पाहा. सकाळी बसलेले असतील तर ते उन्हाने प्रसरण पावल्याचे आहेत. वाळू वाढवली की पुरे. सकाळीही तसेच असतील, तर कडेचे खिळे काढून चटई ताणा, जास्तीची कड कापा आणि सहा इंची गॅल्व्हनाइज्ड खिळे सहा-सहा इंचांवर पाती बाजूला सारून ठोका.

आता दिवाळी येते आहे. फुलझडीची तार पडली की पाती वितळून गोळा होतो. त्यासाठी सबंध रोल बदलायचे कारण नाही. आधी तिथली वाळू बाहेर काढा. चटई उलटवून पाठीकडून, विणीच्या दोन ओळींच्या मधून धारदार कटरने चौकोन कापा; वरून कापले तर चांगली पातीही जातात. त्याच मापाचे ठिगळ त्याच कलाचे घ्या. कल चुकला तर एकाच रंगाचे ठिगळही लांबून वेगळे दिसते. खाली फूटभर रुंदीची जोडपट्टी सरकवा, तिच्यावर दोन घटक मिसळून वापरायचा पीयू (पॉलियुरेथेन) ग्लू पसरा, कडा टेकवा. दोन कडांमधली फट विणीच्या ओळींमधल्या अंतराएवढीच ठेवा; पाती गोंदात अडकू देऊ नका. वर विटा ठेवा, चोवीस तास पाय देऊ नका, मग वाळू भरा. सुतारकामाचा पांढरा गोंद पहिल्याच पावसात सुटतो. पट्टी आणि पाठ कोरडी असल्याशिवाय कुठलाच धरत नाही, म्हणून हे काम ऑक्टोबरच्या उन्हातच उरकावे.

आग लागलेली नसताना पट्ट्यापट्ट्याने पाती वितळलेली दिसली, तर समोरच्या खिडकीच्या चकाकत्या काचेकडे किंवा स्टीलच्या कठड्याकडे पाहा. तिथून परावर्तित होणारे ऊन आधी शेडनेटने अडवा, नाहीतर ठिगळही वितळेल.

कुत्र्याच्या मुताचा वास पात्यांना नसतो, वाळूला असतो. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी शिंपडून पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. त्याच जागी ब्लीच वापरू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. तरीही वास राहिला, तर तेवढ्या भागातली वाळू बदला.

ठिगळासाठी शिल्लक तुकडा नसेल, तर नवा विकत घेऊन मधोमध लावू नका. उन्हाने उडालेल्या रंगाशी तो जुळत नाही. जुनाच तुकडा एखाद्या कोपऱ्यातल्या कुंडीखालून कापून घ्या, आणि नवा त्या कुंडीखाली बसवा.

आपला,
कृत्रिम हिरवळ बसवणारा एक कारागीर, पुणे