एसटीत कोणत्या बाजूला बसू?

तुरीच्या सोंगणीतला रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय गज्या,

पोळ्याला तुझा फोन आला, उचलला नाही. दिवाळीला आला, तोही नाही. काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे, मग पुढं वाच. व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिलं असतं, पण माझा मोबाईल म्हणजे गावविहीर झाला आहे, जो येतो तो बादली टाकतो. म्हणून कितीतरी वर्षांनी पोस्टाचं पाकीट आणलं. वाचून झालं की चुलीत घाल. तुमच्या फ्लॅटात चूल नाही हे मला माहीत आहे, तरी घाल.

तब्येत ठीक. बीपीची गोळी सुरू आहे. कापसाचं काही विचारू नको.

आता मुद्दा. पोरगी आम्हाला समुद्रावर नेते आहे.

हसू नको बे. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू? १९९५ च्या सहलीला मी गेलोच नव्हतो, हे या जगात दोघांनाच माहीत आहे. ते ३५० रुपये कुठं गेले ते तुला ठाऊक. इथं लिहीत नाही, पाकीट फुटलं तर? तू परत आलास, बडनेऱ्याच्या फलाटावर मला शंखांची पुरचुंडी दिलीस आणि अमरावतीपर्यंत समुद्र सांगत बसलास. तेवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं संसार केला. आईला सांगितला, लग्नात सासऱ्याला सांगितला, पोरगी लहान होती तेव्हा रोज रात्री सांगितला. लाट कशी येते, पायाखालची वाळू कशी सरकते. तुझ्यापेक्षा चांगला सांगतो मी, खोटं वाटत असेल तर तिला विचार. नको, विचारू नको.

एक हिशोब मात्र अजून बाकी आहे. तू मला म्हणाला होतास, 'पहाटे सूर्य समुद्रातून वर येते'. मी तसंच सांगत राहिलो. सातवीत असताना पोरगी नकाशा घेऊन आली. 'बाबा, कोकणचा समुद्र तं पश्चिमेले हाये. तिकडून सूर्य निंघन कसा?' मी म्हटलं, बोटीत होतो, बोट फिरली होती. लेका, तू त्या सहलीत दहा-दहा वाजेपर्यंत झोपत होतास. सूर्योदय पाहिला म्हणे!

तर यंदा तिनं कॉलेजातल्या मैत्रिणींसोबत कुठलातरी किल्ला केला आणि आता आम्हाला चालवायचं तिच्या डोक्यात बसलं आहे. गणपतीपुळे ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्यानं, एका दिवसात. रस्त्यानं २५ किलोमीटर भरतात. मध्ये नेवरे, आरे-वारे, काळबादेवी. खाडी आडवी आली की वर चढून पूल धरायचा, पुन्हा वाळूवर उतरायचं. जायला नागपूर-मडगाव गाडी आहे, आपल्या बडनेऱ्यावरूनच जाते. 'बाबा, तुमी पायलाच हाये समुद्र, तुमीच वाट दाखवा,' असं म्हणते. तुझी वहिनी तर साऱ्या आळीत सांगून आली.

बरं, मी सुटायला गेलो आणि आणखी गुंतलो. तिनं पौर्णिमेचा दिवस धरला होता, चांदणं मिळेल म्हणून. आमच्या तालुक्याला दापोलीकडचा एक कृषी सहायक आला आहे. त्याला मी सहज, अगदी सहज, विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडं तिथीची पाऊणपट करतात, तितक्या वाजता भरती. म्हणजे पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. वरून अमावास्या-पौर्णिमेला उधाण. ऐन चालायच्या वेळी पाणी काठाला लागलेलं आणि आपण कोरड्या वाळूत घोटा घोटा रुतत. त्याच्यापेक्षा षष्ठी बरी. भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी, दहा-साडेदहाला. सकाळभर ओली, घट्ट वाळू पायाखाली. मी कालनिर्णय काढून तिला हे फोनवर सांगितलं, म्हटलं षष्ठी धर. ती गप्प झाली. मग म्हणाली, 'बाबा, किती लक्षात हाये तुमच्या!'

त्या रात्री जेवण गेलं नाही.

चालण्याचं मला भेव नाही. सराव सुरू आहे. पहाटे मोटारसायकल काढतो, हरभऱ्याला पाणी द्यायला चाललो म्हणून सांगतो, आणि कौंडण्यपूरला वर्धेच्या पात्रात उतरून रेतीतून चालतो. पहिल्या दिवशी दोन किलोमीटरला पाऊण तास लागला आणि पोटऱ्या अशा धरल्या की घाट चढताना काठाचं गवत धरावं लागलं. बुटात रेती गेली की टाच सोलते, म्हणून आता अनवाणी. पाण्याला लागून ओल्यातून गेलं तर पाय बसत नाही हे खरं आहे, मी पाहिलं. परवा एका कोळ्यानं विचारलं, काही हरवलं का? म्हटलं, हो.

भेव वेगळंच आहे. पहिल्यांदा पाहिल्यावर माणसाचं तोंड कसं होते रे? आपल्या आबाला विमान दाखवलं तेव्हा त्याचं झालं होतं तसं होते का? माझं तसं झालं आणि ती बाजूलाच उभी असली तर? ती आता वीस वर्षांची आहे, तिला सारं कळते. तुझ्या वहिनीचं तर काय सांगू, मी आरशासमोर उभा होतो तर म्हणाली, 'दाढ दुखते का?' कधीकधी वाटते तिला पहिल्यापासून माहीत असावं. त्या पुरचुंडीतले शंख तिनं देव्हाऱ्यात ठेवले आहेत, पण कुठून आणले असं एकदाही विचारलं नाही.

तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं कळलं. बरं झालं. लहान्याला नोकरी लागली का? वहिनींना नमस्कार. तुझ्या आईच्या तेरवीला आलो नाही, ते भेटल्यावर बोलू, पत्रात नाही.

आता काम. सरावाचं माझं मी पाहतो, तू एवढंच सांग. रत्नागिरीला उतरून आम्ही आरे-वारेवरूनच एसटीनं गणपतीपुळ्याला जाणार, दुसऱ्या दिवशी तिथून चालत परत. चालताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे जाताना एसटीत डाव्या. या दोघींना मी उजवीकडं बसवतो, प्रवासानं त्या पेंगतीलच. मी डावी खिडकी धरतो. पण तो आधी कुठं दिसते? एकदम वळणावर अंगावर येते, की झाडांतून तुकड्या-तुकड्यानं? मला दोन मिनिटं आधी कळलं पाहिजे. दोन मिनिटांत मी तोंड सारखं करून घेईन.

उत्तर पोस्टानंच पाठव. पाकिटावर 'बियाण्याबाबत' असं लिही.

तुझा,
पद्या