विषय: साडेसहा इंची फुल-रेंज स्पीकर-ड्रायव्हरची जोडी आणि तुमचं माहितीपत्रक

व्यवस्थापक,

आज तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोलून झालं. आता फोन करणार नाही.

माहितीपत्रकात तुम्ही एफएस, म्हणजे ड्रायव्हरचा हलणारा पडदा (कोन) ज्या कंपनसंख्येला आपोआप घुमतो ती, ४८ हर्ट्झ आणि क्यूटीएस, म्हणजे त्या घुमण्याला आवर किती कमी आहे तो आकडा, ०.३६ छापलंय. माझ्या जोडीतला एक ड्रायव्हर ६६ आणि ०.६१ दाखवतो, दुसरा ५८ आणि ०.५२. कागदाशी सोडाच, दोघांचं एकमेकांशीही जुळत नाही. जोडी म्हणून विकलेत ना हे?

घेण्याआधी मी तीन ड्रायव्हरची तुलना केली होती. एकाचा क्यूटीएस ०.२ च्या जवळ, तो बॅक-लोडेड हॉर्नचा, म्हणजे मागे भोंगा असलेल्या पेटीचा, दुसऱ्याचा ०.७ च्या वर, तो ओपन बॅफलचा, म्हणजे पेटीविना नुसत्या फळीवर बसवायचा. पोर्टच्या, म्हणजे हवेची नळी असलेल्या पेटीसाठी तुमचाच बरोबर वाटला, तो केवळ त्या ०.३६ मुळे. त्यावर विसंबून २७ लिटरच्या दोन पेट्या बांधल्या, पोर्ट ५० हर्ट्झला बसवला. प्लायमध्ये राउटरने खाच अशी काढली की ड्रायव्हरच्या कडेवरून नख फिरवलं तर सांधा लागत नाही. आणि आता ८० हर्ट्झच्या आसपास एवढा फुगवटा आहे की डबल बासचे दोन-तीन सूर घुमतात आणि बाकीचे त्याखाली दबून जातात.

आजचं संभाषण जसंच्या तसं लिहितो, कारण ते तुम्ही वाचायलाच हवं.

"आवाज येतो का, सर?"
"येतो."
"दोन्हींतून?"
"हो, पण माझी तक्रार..."
"मग ड्रायव्हर चांगले आहेत, सर. बेस जास्त वाटत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरवर कमी करा."

मी मोजमापाचे आलेख पाठवल्याचं सांगितलं. तर म्हणे, "ते आकडे ढोबळच असतात. इतकं कोणी बघत नाही." इतकं कोणी बघत नाही! अभियंते थील यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या गणितावर आणि स्मॉल यांनी पुढे केलेल्या कामावर पोर्टची प्रत्येक पेटी बांधली जाते. ते आकडे ढोबळ असतील तर छापता कशाला? मग मला वीस मिनिटं थांबवून ठेवलं आणि शेवटी सल्ला मिळाला: "शंभर तास वाजवा, मोकळे होतील."

तेवढे आधीच वाजवून झालेत. वरचे आकडे त्यानंतरचेच आहेत. शिवाय कोनची लवचिकता वाढली की एफएस आणि क्यूटीएस जवळपास एकाच प्रमाणात उतरतात. पहिल्या ड्रायव्हरचा एफएस उद्या ४८ वर आला तरी क्यूटीएस ०.४४ च्या खाली जाणार नाही. दोष चुंबकात आहे किंवा कोनच्या वजनात, आणि हे तुमच्या अभियंत्यांना मी सांगायची गरज नसावी. तुलनेतले बाकी दोन ड्रायव्हर मित्राकडे आहेत. तेही याच पद्धतीने मोजले, कोनवर चिकटमातीची १० ग्रॅमची गोळी लावून व्हीएएससुद्धा (कोनच्या टांगणीइतकी लवचिक हवा किती लिटर, तो आकडा) काढलं. छापील आकड्यांच्या दहा टक्क्यांत बसले. तुमचेच बसत नाहीत, आणि जोडीही जुळत नाही, हे पुन्हा सांगतो.

तुमचे आधीचे चार इंची ड्रायव्हर अकरा वर्षं वाजवतोय. त्या विश्वासावर यावेळी मोजण्याआधीच लाकूड कापलं, याचं जास्त वाईट वाटतं.

मोजून, जुळवून निवडलेली जोडी पाठवा, प्रत्येक ड्रायव्हरच्या मोजमापाच्या आलेखासह. नाहीतर पूर्ण पैसे परत करा. पंधरा दिवसांत यातलं काही झालं नाही, तर तिन्ही ड्रायव्हरचे आलेख पेट्या बांधणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला पाठवीन.

उत्तर लेखी द्या.

एक जुना ग्राहक